फिरत्या विक्रेत्याचं कोडं आणि रवाळ तूप

घरात लग्न ठरलं की सगळ्यांत जास्त दगदग कोणाची होते? नवरदेवाची नाही आणि नवरीचीही नाही. ती होते पत्रिका वाटणाऱ्याची! पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली, की उरलेला गठ्ठा पिशवीत भरून कोणीतरी काका किंवा मामा मोटारसायकलला किक मारतो आणि गावोगाव निघतो. पत्रिका पोस्टानं आली म्हणून रुसणारे पाहुणे पूर्वी प्रत्येक घराण्यात असायचे. आता मोबाइलवर आली म्हणून रुसणारे असतात. तेव्हा पत्रिका हातात नेऊन द्यावीच लागते.

समजा, हे लग्नघर वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला आहे. रिठद हे रिसोड तालुक्यातलं गाव. काकांना जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांच्या गावी एकेका पाहुण्याकडे जायचंय. रिसोड, वाशीम, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. (हे मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं बरं का! काका नाशिककडच्या मालेगावला गेले, तर ते परत येईपर्यंत अक्षता पडून जातील.) प्रत्येक ठिकाणी एकदाच जायचं आणि शेवटी रिठदला परतायचं. कोणत्या क्रमानं गेलं तर सगळ्यांत कमी पेट्रोल जळेल?

वाटतं सोपं. पण आधी मोजून पाहू, की असे क्रम आहेत तरी किती. रिठदहून निघताना पहिलं गाव सहांपैकी कोणतंही. ते झालं की दुसरं उरलेल्या पाचांपैकी, मग चारांपैकी, तीनांपैकी, दोनांपैकी, आणि शेवटी एकच. ६ × ५ × ४ × ३ × २ × १ म्हणजे ७२०. त्यातही एक गंमत आहे. तीच वाट उलट्या दिशेनं फिरलं तरी अंतर तेवढंच. म्हणून ७२० चे निम्मे, म्हणजे ३६० वेगवेगळे फेरे. एखाद्या चिकाटीच्या मुलीनं वही आणि पेन्सिल घेतली, तर दिवाळीच्या सुट्टीत हे ३६० फेरे मोजून होतील. त्यातला सगळ्यांत छोटा निवडायचा, की झालं.

आता काकांचा उत्साह वाढला आणि त्यांनी महाराष्ट्रातल्या ३६ ही जिल्ह्यांच्या मुख्य गावी पत्रिका द्यायचं ठरवलं तर? वाशीमपासून सुरुवात करून बाकीच्या ३५ गावांचे क्रम लावायचे. ३५ × ३४ × ३३ असं करत १ पर्यंत गुणाकार करा आणि त्याचं निम्मं घ्या. उत्तर येतं चाळीस आकडी! एखादा संगणक सेकंदाला १०० कोटी फेरे मोजतोय असं धरलं, तरी सगळे मोजून व्हायला जी वर्षं लागतील, ती या विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे बारा लाख कोटी पट आहेत. विश्वाचं वय म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षं, हे लक्षात असू द्या. तोपर्यंत लग्न कोणाचं आणि पत्रिका कोणाच्या!

या कोड्याचं गणितातलं नाव आहे ‘ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम’, म्हणजे फिरत्या विक्रेत्याचं कोडं. पोत्यात माल भरून गावोगाव हिंडणारा विक्रेता डोळ्यांपुढे आणा. त्याला सगळी गावं करायची आहेत, घरी परतायचंय आणि पायही कमी झिजवायचे आहेत. पण हे कोडं काही फक्त विक्रेत्यांचं नाही. आपल्या देशातलं उदाहरण सांगतो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, आपण राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. १९३० च्या दशकात बंगालमध्ये ताग किती जमिनीवर लावलाय, हे ते मोजत होते. सगळी शेतं पाहणं अशक्य, म्हणून ठिकठिकाणची थोडी शेतं निवडून पाहायची. पण मोजणारी माणसं एका निवडलेल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणार, त्या प्रवासाला वेळ आणि पैसा लागणार. जागा वाढवल्या तर हा प्रवास किती वाढेल, याचा हिशेब त्यांनी १९४० साली छापलेल्या लेखात मांडला. म्हणजे तागाच्या शेतातसुद्धा हा विक्रेता हजर होताच!

असो. आपण पुन्हा आपल्या लग्नघरी येऊ. लग्न पार पडलं, मांडव उतरला, आणि रिठदची मंडळी गाडी करून अष्टविनायकाला निघाली. आठ गणपती म्हणजे आठ गावं. ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ चे निम्मे, म्हणजे २५२० फेरे. परंपरेनं सांगितलेला क्रम असा आहे: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि पुन्हा मोरगाव. (हे महड खोपोलीजवळचं. चवदार तळ्याचं महाड वेगळं.) आता ॲटलास उघडा आणि पट्टी घ्या. सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, अगदी पूर्वेला. पाली रायगड जिल्ह्यात, अगदी पश्चिमेला. म्हणजे दुसऱ्या गणपतीहून तिसऱ्याकडे जाताना पुणे जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा! श्रद्धेनं त्याच क्रमानं जाणारे जातात, आणि त्यांच्या मनात किलोमीटरचा हिशेब नसतो. पण पुण्यामुंबईहून सुटणाऱ्या यात्रेच्या गाड्या सहसा दुसराच क्रम घेतात, तो का, हे नकाशा पाहिल्यावर कळतं.

मी नकाशावर सरळ रेषेतली अंतरं काढली. पक्षी उडत जाईल तशी. खरा रस्ता घाटांमुळे वळणंवळणं घेतो, त्यामुळे गाडीचे किलोमीटर याहून बरेच जास्त होतील. पण आपल्याला कोड्याची गंमत कळायला सरळ रेषा पुरे. या हिशेबानं परंपरेचा फेरा होतो ५२२ किलोमीटरचा.

याहून छोटा फेरा शोधायचा कसा? बहुतेक जण म्हणतील, सोप्पं आहे, जे गाव सगळ्यांत जवळ, तिथे आधी जायचं. करून पाहू. मोरगावहून निघालो. सगळ्यांत जवळ थेऊर, ४० किलोमीटर. थेऊरहून रांजणगाव, ३३. तिथून ओझर, ५६. ओझरहून लेण्याद्री तर १० वरच. मग महड ७६, मग पाली ३३. वा, काय झकास चाललंय! पण पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन बाहेर आल्यावर गाडीतली आजी विचारते, “अरे, सिद्धटेक राहिलंच की!” राहिलेला गणपती १५८ किलोमीटर दूर, नकाशाच्या पार त्या टोकाला. तिथून मोरगाव आणखी ४७. एकूण ४५३. ५२२ पेक्षा बरं, पण शेवटच्या त्या लांब उडीनं सगळी मजा घालवली. जवळजवळचं आधी उचलणाऱ्याच्या वाट्याला शेवटी लांबचं येतं. आंब्याच्या आढीतले चांगले चांगले आंबे आधी खाल्ले की शेवटी काय उरतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

मग दुसरी युक्ती. आहे त्या फेऱ्यात सुधारणा करायची. क्रमात शेजारीशेजारी असलेली कोणतीही दोन गावं घ्यायची, त्यांची अदलाबदल करायची आणि अंतर मोजायचं. कमी झालं तर नवा क्रम ठेवायचा, वाढलं तर जुनाच. फेरा गोल असल्यामुळे शेवटचं गाव आणि पहिलं गाव हेही शेजारीच धरायचे. आपल्या फेऱ्यात शेवटचं सिद्धटेक आणि पहिलं मोरगाव यांची अदलाबदल केली, की फेरा होतो: मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली आणि परत मोरगाव. अंतर ४४६. सात किलोमीटर वाचले!

आता पुढे? शेजारच्या जोड्या आठ आहेत. आठही जोड्यांची अदलाबदल एकेक करून पाहा. मी पाहिली. प्रत्येक वेळी अंतर वाढतं. कुठे ७ किलोमीटरनं, कुठे २२ नं, एके ठिकाणी तर जवळजवळ २०० नं. एकही जोडी फायद्याची नाही. म्हणजे आपल्याला सगळ्यांत छोटा फेरा सापडला का?

मुळीच नाही. आपण अडकलो आहोत.

हे अडकणं कसं असतं, ते पाहायचं तर रिसोडहून लोणारला जा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, उल्का आदळून झालेला तो प्रसिद्ध खळगा आहे, शंभर मीटरहून अधिक खोल. पाण्याचा नियम एकच, उताराकडे जायचं. बाहेरच्या ओढ्यांचं पाणी हा नियम पाळत पाळत नद्यांना मिळतं आणि समुद्र गाठतं. पण लोणारच्या खळग्यात शिरलेलं पाणी तळाशी येऊन थांबतं. तिथून बाहेर जाणारा एकही ओढा नाही. समुद्र त्या तळाहूनही कितीतरी खाली आहे, पण तिकडे जायचं तर आधी काठ चढावा लागेल, आणि चढणं पाण्याच्या नियमात बसत नाही. आपल्या फेऱ्याचंही तेच झालं. ‘अंतर कमी झालं तरच बदल’ हा नियम पाळत आपण एका खळग्यात उतरलो आणि तिथेच बसलो.

मग बाहेर पडायचं कसं? याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आई किंवा आजी लोणी कढवून तूप करते, तेव्हा गरम तूप पातळ असतं. ते ओट्यावर तसंच झाकून ठेवलं, सावकाश निवू दिलं, की दुसऱ्या दिवशी कसं छान रवाळ झालेलं दिसतं! तेच गरम तूप घाईनं फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट होईल, पण रवा धरणार नाही. असं का? तूप गरम असताना त्यातले कण इकडून तिकडे धावपळ करत असतात. हळूहळू निवताना प्रत्येक कणाला आपापली नीट जागा शोधायला वेळ मिळतो, चुकीच्या जागी बसलेला कण उठून दुसरीकडे जाऊ शकतो. एकदम गार केलं, तर जो जिथे असेल तो तिथेच गोठतो. संगीतखुर्चीत अचानक गाणं थांबावं तसं!

गावातला लोहारही हे जाणतो. विळ्याला ‘पाणी देतात’, म्हणजे लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवतात. त्यानं पोलाद कडक होतं, धार टिकते, पण ते ठिसूळही होतं. आणि पोलाद मऊ हवं असेल, पुढे ठोकून वाकवायचं असेल, तर ते तापवून राखेत पुरून ठेवतात. राखेत ते अगदी सावकाश निवतं, आणि आतल्या अणूंना नीट, निवांत रचनेत बसायला उसंत मिळते. तापवून सावकाश निववण्याच्या या क्रियेला इंग्रजीत ‘अनीलिंग’ म्हणतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. गरम असताना कण नेहमी ‘चांगल्या’ जागीच जातात असं नाही. ते कधी कधी वाईट जागीही जातात! उष्णतेच्या धक्क्यानं खळग्यातून उसळून काठावर चढतात, आणि तिथून पलीकडच्या आणखी खोल खळग्यात उतरण्याची संधी त्यांना मिळते. जसजसं निवत जातं, तसतशा या उसळ्या लहान होत जातात. पूर्ण निवल्यावर बंदच.

१९५३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथे निकोलस मेट्रोपोलिस आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी कणांची ही धावपळ ‘मॅनिअ‍ॅक’ नावाच्या संगणकावर उतरवली. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम लिहिला होता एरियाना रोझेनब्लूथ या शास्त्रज्ञ बाईंनी. त्यांची रीत साधी होती. एखादा कण थोडासा हलवून बघायचा. त्यानं ऊर्जा कमी झाली, तर ते मान्य. वाढली, तर सोंगटी टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. कधी मान्य, कधी अमान्य. तापमान जितकं जास्त, तितकी मान्य होण्याची शक्यता जास्त.

यानंतर तीस वर्षं गेली. आयबीएम या संगणक कंपनीत स्कॉट कर्कपॅट्रिक आणि त्यांचे दोन सहकारी, गेलाट आणि व्हेकी, एका वेगळ्याच डोकेदुखीत होते. संगणकाच्या चिपवर हजारो भाग कुठे कुठे बसवायचे, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तारा कमीत कमी लांबीच्या होतील? त्यांच्या ध्यानात आलं, की हे भाग म्हणजे जणू कणच आहेत आणि तारांची लांबी म्हणजे ऊर्जा. मग संगणकातच खोटंखोटं ‘तापमान’ ठेवायचं आणि ते हळूहळू उतरवायचं! १३ मे १९८३ च्या ‘सायन्स’ या प्रसिद्ध नियतकालिकात त्यांचा लेख आला, आणि त्यात आपला फिरता विक्रेताही होता. त्याच सुमारास ब्रातिस्लाव्हा शहरात चेर्नी नावाच्या शास्त्रज्ञालाही स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली होती. त्यांचा लेख १९८५ साली छापून आला. या रीतीचं नाव ‘सिम्युलेटेड अनीलिंग’. आपण तिला ‘लुटुपुटूचं निववणं’ म्हणू. लुटुपुटूचं अशासाठी, की यात चूल नाही, राख नाही आणि तूपही नाही. तापमान म्हणजे फक्त एक आकडा.

तो आकडा कसा वापरायचा, ते पाहू. समजा, एखाद्या अदलाबदलीनं फेरा २२ किलोमीटरनं वाढतोय. तापमान १०० असेल, तर असा बदल शंभरांतल्या सुमारे ८० वेळा मान्य करायचा. तापमान २२ वर आलं, की ३७ वेळा. आणि ५ वर आलं, की जेमतेम एकदा. वाढ जर फारच मोठी असेल, समजा लेण्याद्री आणि महड यांची अदलाबदल करून १४१ किलोमीटर वाढत असतील, तर २२ तापमानाला तो बदल हजारांत एकदोनदाच मान्य होईल. म्हणजे ही रीत वेडेपणा करते, पण मापात! (वरच्या वर्गातल्या ताईदादांसाठी: वाढीला तापमानानं भागा. जो आकडा येईल, तो २.७१८ या संख्येचा घात समजा आणि त्या उत्तरानं १ ला भागा. आली शक्यता.)

आता आपल्या अडकलेल्या ४४६ च्या फेऱ्याकडे चला. तापमान २२ आहे असं धरा. सिद्धटेक आणि थेऊर यांची अदलाबदल करायची वेळ आली. मोरगाव ते सिद्धटेक ४७ आणि थेऊर ते रांजणगाव ३३ हे तुकडे गेले, म्हणजे ८० कमी झाले. त्यांच्या जागी मोरगाव ते थेऊर ४० आणि सिद्धटेक ते रांजणगाव ६२ आले, म्हणजे १०२. बावीसचा तोटा! फेरा ४६८ चा झाला. जुन्या नियमानं हा बदल फेकून दिला असता. पण इथे नशिबानं कौल दिला आणि आपण तो ठेवला. आता क्रम असा: मोरगाव, थेऊर, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली.

गाडीतली मंडळी कुरकुरायला लागतील. लागू देत. पुढची खेळी बघा. पहिली दोन गावं, मोरगाव आणि थेऊर, यांची अदलाबदल करा. पाली ते मोरगाव ११९ आणि थेऊर ते सिद्धटेक ७२ गेले, म्हणजे १९१ कमी. पाली ते थेऊर ८७ आणि मोरगाव ते सिद्धटेक ४७ आले, म्हणजे १३४. तब्बल ५७ किलोमीटरचा फायदा! फेरा झाला ४११ चा: थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, महड, पाली आणि परत थेऊर. आणि २५२० फेऱ्यांत याहून छोटा एकही नाही. काठ चढायला २२ किलोमीटर मोजले, म्हणून पलीकडचा खोल उतार सापडला. ती एक तोट्याची खेळी टाळली असती, तर आपण ४४६ वर बसून राहिलो असतो आणि वर म्हटलं असतं, की आम्ही आठही जोड्या तपासल्या आहेत!

कोणी विचारेल, मग तापमान मोठंच का ठेवू नये? कारण मग फेरा नुसता भरकटतो. ४११ चा सापडला तरी पुढच्याच खेळीला सोडून देतो, वाऱ्यावरच्या पतंगासारखा. आणि तापमान झटकन उतरवलं तर? तर फ्रिजमधलं तूप! हे उतरवण्याचं गणित जमणं हीच या रीतीतली खरी कसोटी. कर्कपॅट्रिक यांच्या लेखात ४०० गावांचं एक उदाहरण आहे. ही गावं नऊ घोळक्यांत विभागलेली होती. तापमान वर असताना आधी ठरलं ते एवढंच, की या घोळक्यातून त्या घोळक्यात कसं जायचं. घोळक्याच्या आतल्या गावांचे बारीकसारीक क्रम तापमान उतरत गेलं तसे नंतर लागले. घर लावताना आपण आधी कपाट कुठे आणि पलंग कुठे ते ठरवतो, आणि चमचे शेवटी लावतो ना, तसंच. गंमत म्हणजे हे संगणकाला कोणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल, तर त्या सगळ्या लेखातलं हे सर्वांत सुंदर चित्र आहे.

आता खरं सांगायचं तर ही रीत सगळ्यांत छोटाच फेरा देईल, अशी हमी नसते. तापमान पुरेसं सावकाश उतरवलं तर ती सर्वोत्तम उत्तरापाशी पोचते, हे १९८४ साली स्टुअर्ट आणि डोनाल्ड जेमन या भावांनी गणितानं दाखवलं. पण ते ‘पुरेसं सावकाश’ इतकं सावकाश आहे, की तेवढा धीर कोणालाच नाही. व्यवहारात ती चांगला फेरा देते, पुष्कळदा सर्वोत्तमच्या अगदी जवळचा, आणि तोही लवकर. ‘हाच सर्वांत छोटा’ असं सिद्धच करायचं असेल, तर गणिताच्या वेगळ्या रीती लागतात. १९५४ साली डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांसाठी तसं सिद्ध केलं. २००६ साली एका चिपवरच्या ८५,९०० ठिकाणांचा फेरा सुटला. चिपवर आपल्या काकांसारखा फिरतो कोण? यंत्राचा लेझर! एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे सरकण्यातला वेळ वाचला, तर चिप लवकर तयार होते.

हा खेळ घरी खेळता येतो, आणि त्यासाठी संगणकाची गरज नाही. आईबाबांनाही बसवा, एकानं अंतरं मोजायची आणि एकानं चिठ्ठ्या काढायच्या. ॲटलासमधून तुमच्या ओळखीची आठ गावं निवडा आणि पट्टीनं सगळी अंतरं काढून तक्ता करा. आठ गावांच्या २८ जोड्या होतात. एका डब्यात १ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवा, कोणती जोडी बदलायची ते त्यावरून ठरेल. १ निघाला तर पहिलं आणि दुसरं गाव, २ निघाला तर दुसरं आणि तिसरं, ८ निघाला तर शेवटचं आणि पहिलं. दुसऱ्या डब्यात १ ते १०० च्या चिठ्ठ्या. फेरा कमी झाला तर बदल ठेवाच. वाढला तर वाढीची तापमानाशी तुलना करा. वाढ तापमानाच्या पाव असेल तर ७८ किंवा त्याखालची चिठ्ठी निघाल्यास बदल मान्य, निम्मी असेल तर ६१, बरोबरीची असेल तर ३७, दुप्पट असेल तर १४ आणि तिप्पट असेल तर ५. मधल्या वाढीसाठी अंदाजानं मधला आकडा धरा. प्रत्येक खेळीनंतर चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या. तापमान १०० पासून सुरू करा आणि दर दहा खेळींनंतर ते पाव हिस्स्यानं कमी करा: १००, ७५, ५६ असं. चौदा वेळा उतरवलं की ते २ च्या खाली येतं. म्हणजे १४० खेळींचा डाव, दुपारभर पुरेल.

डाव संपल्यावर तुमचा फेरा नकाशावर पेन्सिलीनं काढा आणि एक गोष्ट तपासा. सरळ रेषेच्या अंतरांनी काढलेल्या सर्वांत छोट्या फेऱ्यात कोणत्याही दोन रेघा एकमेकींना छेदत नाहीत. तुमच्या फेऱ्यात अशी फुली दिसली, तर याहून छोटा फेरा नक्की आहे. मग पुन्हा थोडं तापवा. आणि चिठ्ठ्या काढण्याआधी पंखा तेवढा बंद करा. एकशेआठ चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या, तर त्या सगळ्या गोळा करण्याचा सर्वांत छोटा फेरा कोणता, ते कोडं आधी सोडवावं लागेल!